विल्हेल्म मायबाख : गाडीच्या इंजिनाला थंड ठेवणारा अनाथ मुलगा



आजचा धडा एका इंजिनिअरच्या जीवनावर आहे. पण त्याआधी एक छोटा प्रसंग सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पाचवीच्या वर्गाची सहल निघाली होती. भाड्याची जीप होती. कसारा घाट चढता चढता बॉनेटमधून फस्स करून वाफ यायला लागली. मुलं आधी घाबरली, मग हसायला लागली. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडून शांतपणे दगडावर जाऊन बसले. आमच्या वर्गातला एक मुलगा मदत करायची म्हणून स्वतःची पाण्याची बाटली घेऊन धावला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेला. काकांनी झेप घेऊन त्याचा हात मागे ओढला. तेव्हा मला त्यांचा रागच आला, कारण त्याच्या मनगटावर वळ उठला होता. पण ते झाकण तेव्हा फिरलं असतं तर त्या मुलाचा चेहरा भाजला असता, हे मला नंतर समजलं.

त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, की बाई, गाडीच्या तोंडाला ती जाळी कशाला असते? मला नीट उत्तर देता आलं नाही. मग मी वाचत गेले आणि त्या जाळीमागे मला एक माणूस सापडला. त्याचं नाव विल्हेल्म मायबाख. चला तर मग, त्यांची ओळख करून घेऊया.

जन्म आणि बालपण

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील सुतारकाम करायचे. घरात पाच भाऊ. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना हे कुटुंब स्टुटगार्ट शहरात राहायला गेलं. तिथे 1854 मध्ये आई वारली आणि 1856 मध्ये वडीलही गेले. दहा वर्षांच्या विल्हेल्मच्या डोक्यावर कुणाचंच छत्र राहिलं नाही.

त्या काळी अनाथ मुलांचं पुढे काय व्हायचं हे सांगायला नको. पण गुस्टाव वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक रॉयटलिंगन गावात गरीब आणि अनाथ मुलांसाठी एक आश्रम चालवत होते. त्याचं नाव ब्रुडरहाउस, म्हणजे बंधुगृह. विल्हेल्मला त्यांनी तिथे ठेवून घेतलं.

मित्रांनो, या आश्रमाची एक गोष्ट मला फार आवडली. इथे मुलांना नुसतं खायला-प्यायला देऊन ठेवत नसत. आश्रमाचे स्वतःचे कारखाने होते. मुलगा कशात रमतो ते बघायचे आणि त्याला तेच काम शिकवायचे. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चांगला होता आणि यंत्रांपाशी तो तासन् तास उभा राहायचा. म्हणून त्याला यंत्रांची चित्रं, म्हणजे तांत्रिक आराखडे काढायला शिकवलं. दिवसा काम करायचं आणि संध्याकाळी गावातल्या शाळेत जाऊन भौतिकशास्त्र, गणित शिकायचं, असा त्याचा दिनक्रम होता. इंग्रजीसुद्धा तो तिथेच शिकला.

डाइम्लर यांची भेट

1863 च्या अखेरीस या आश्रमाच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख म्हणून गॉटलिब डाइम्लर आले. ते विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. या हुशार मुलाला त्यांनी हेरलं आणि आपला मदतनीस केलं. तेव्हा जुळलेली ही जोडी डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइम्लर कार्ल्सरूहेला गेले, मायबाख मागोमाग गेले. डाइम्लर 1872 मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस इंजिनाच्या कारखान्यात गेले, तर मायबाख तिथे मुख्य आराखडेकार झाले. निकोलाउस ओटो यांचं प्रसिद्ध चार टप्प्यांचं इंजिन 1876 मध्ये याच कारखान्यात तयार झालं.

पुढे ओटो आणि डाइम्लर यांचं पटेना. 1882 मध्ये डाइम्लर यांनी स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावात मोठी बाग असलेलं घर घेतलं. बागेत एक काचेचं रोपगृह होतं. तेच त्यांनी कार्यशाळा केलं आणि मायबाख यांना बोलावून घेतलं. दोघं रात्रंदिवस दार लावून आत ठोकाठोकी करत. माळ्याला वाटलं, हे लोक खोट्या नोटा-नाणी पाडतात की काय! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी येऊन पाहिलं तर आत फक्त अवजारं आणि इंजिनाचे सुटे भाग!

या कार्यशाळेतूनच 1885 मध्ये एक छोटं, उभं इंजिन बाहेर पडलं. ते दिसायला जुन्या उभ्या घड्याळासारखं होतं, म्हणून त्याला आजोबांचं घड्याळ असं गमतीचं नाव पडलं. तोवरची गॅस इंजिनं अवजड असत आणि मिनिटाला दोनशेच्या आतच फेरे मारत. हे इंजिन मिनिटाला 600 फेरे मारायचं. हे इंजिन बसवलेली दुचाकी त्याच वर्षी रस्त्यावर आली आणि 1886 मध्ये चारचाकी घोडागाडीलाही इंजिन लागलं.

पण इंजिन तापतं त्याचं काय?

आता खरी अडचण सुरू झाली. इंजिनात इंधन जळतं. त्यातून जी उष्णता निघते त्यातली साधारण एक तृतीयांशच गाडी ओढायला कामी येते. दुसरा एक तृतीयांश भाग धुरावाटे बाहेर जातो आणि उरलेला भाग इंजिनाच्या लोखंडातच मुरतो. ही उष्णता काढून घेतली नाही तर काय होईल? तेल पातळ होऊन जळेल, धातू फुगेल आणि पिस्टन आत अडकून बसेल. म्हणजे इंजिन जाम.

मग उष्णता काढायची कशी? इंजिनाभोवती पाणी खेळवायचं. पाणी भरपूर उष्णता पोटात घेतं. पण ते पाणीही शेवटी उकळतंच ना! सुरुवातीच्या गाड्यांत ते उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि चालकाला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागायचं. 1888 मध्ये बेर्था बेन्झ यांनी आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास मोटारीने केला. त्यांनाही जागोजागी थांबून पाणी भरावं लागलं होतं. पाणी किती न्यायचं? जास्त नेलं तर गाडी जड, कमी नेलं तर इंजिन तापणार. आणि इंजिन जितकं वेगवान, तितकी उष्णता जास्त. म्हणजे मायबाख यांनी इंजिन वेगवान करून स्वतःचीच अडचण वाढवून ठेवली होती!

त्यांनी ही अडचण पायरी पायरीने सोडवली.

पहिली पायरी 1889 ची. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पोलादी चाकांची एक हलकी गाडी मांडली. तिचा सांगाडा पोकळ नळ्यांचा होता. त्यांनी थंड करायचं पाणी याच नळ्यांतून फिरवलं. सांगाडा तर हवाच होता, मग त्यालाच कामाला लावलं. एका वस्तूकडून दोन कामं!

दुसरी पायरी 1897 ची. आता इंजिनं मोठी झाली होती आणि सांगाड्याच्या नळ्या पुरेनात. मायबाख यांनी पाण्याची एक चपटी टाकी घेतली आणि तिच्या आरपार बारीक बारीक गोल नळ्या बसवल्या. नळ्यांच्या बाहेरून पाणी आणि आतून वारा. वारा ओढायला पंखा. हाच आजच्या रेडिएटरचा पूर्वज.

मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर

6 मार्च 1900 रोजी डाइम्लर वारले. त्याच महिन्यात फ्रान्समधील नीस शहराजवळ ला ट्युर्बीच्या चढाच्या शर्यतीत डाइम्लर कंपनीच्या गाडीला अपघात होऊन विल्हेल्म बाउअर हे चालक मरण पावले. गाडी उंच होती आणि जड होती. कंपनीने शर्यतीच सोडाव्यात असं अनेकांना वाटू लागलं.

तेव्हा नीसमध्ये राहणारे एमिल येलिनेक नावाचे व्यापारी पुढे आले. दोष शर्यतीचा नाही, गाडीच्या बांधणीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना लांब, बुटकी, हलकी आणि जास्त ताकदीची गाडी हवी होती. अशा 36 गाड्यांची मागणी त्यांनी नोंदवली आणि एक अट घातली, की तिला आपल्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव होतं मर्सिडीज.

ही गाडी घडवायची जबाबदारी मायबाख यांच्यावर आली. सोबतीला जुना मित्र आणि मालक नव्हता. काम हातात घेतलं तेव्हा त्यांचं वय 54 वर्षं होतं. काही महिन्यांत त्यांनी 35 अश्वशक्तीची मर्सिडीज उभी केली. पहिली गाडी डिसेंबर 1900 मध्ये येलिनेक यांच्याकडे पोहोचली आणि मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींमध्ये तिने सगळ्यांना मागे टाकलं. फ्रान्समध्ये लोक मायबाख यांना मोटार घडवणाऱ्यांचा राजा म्हणू लागले.

या गाडीच्या तोंडावर होता नवा रेडिएटर. त्यात 8070 चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटून डाख देऊन बसवल्या होत्या. प्रत्येक नळीचं तोंड फक्त 6 मिलिमीटर बाय 6 मिलिमीटर! समोरून पाहिलं तर मधमाशीचं पोळंच. नळ्यांतून वारा जायचा आणि नळ्यांमधल्या बारीक फटींतून पाणी. मागे पंखा होता, त्यामुळे गाडी हळू चालली तरी वारा मिळायचा. याआधी 18 लिटर पाणी लागायचं, ते आता 9 लिटरवर आलं. पाणी निम्मं, ताकद मात्र वाढलेली!

हे कसं झालं? चला, आपण पाचवीच्या गणिताने बघू. 6 सेंटिमीटर बाजूचं एक चौकोनी भोक घ्या. त्याची परिमिती झाली 24 सेंटिमीटर. आता याच जागेत 6 मिलिमीटर बाजूची भोकं किती बसतील? दहा ओळींत दहा, म्हणजे 100. एका छोट्या भोकाची परिमिती 2.4 सेंटिमीटर. शंभरांची मिळून 240 सेंटिमीटर. जागा तेवढीच, पण वाऱ्याला स्पर्श करणारी कड दहापट! गरम चहा बशीत ओतला की लवकर निवतो, त्याचंही कारण हेच. पृष्ठभाग वाढवा, उष्णता लवकर बाहेर पडते.

आजच्या गाडीत हे कसं चालतं?

आजचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनिअमचे असतात, पण तत्त्व तेच. वॉटर पंप पाणी फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप इंजिन गार असताना बंद राहते आणि साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला उघडते. रेडिएटरचं झाकण पाण्यावर दाब ठेवतं. आईच्या कुकरमध्ये होतं तसंच इथेही होतं, दाब वाढला की पाणी 100 अंशांनाही उकळत नाही. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडणं म्हणजे शिटी न काढता कुकर उघडणं. दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. घाटात काकांनी हात ओढला तो यासाठी.

मग गाडी तापली तर चांगला मेकॅनिक दोष कसा शोधतो? तो आधी काही उघडत नाही, प्रश्न विचारतो.

1. गाडी कधी तापते? गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, तर संशय पंख्यावर. पंख्याची मोटर, फ्यूज किंवा बेल्ट तपासायचा.
2. चढावर किंवा वेगात तापते का? मग रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी तुंबलेला असू शकतो, नाहीतर पाणी कमी असतं.
3. पाणी कमी होतंय का? गाडी गार असताना टाकीवरची खूण बघायची. कमी असेल तर नळी, पंप, रेडिएटर कुठे गळतो ते शोधायचं. गाडीखालचे डाग बरंच सांगून जातात.
4. इंजिन तापलंय, वरची नळी गरम आहे, पण खालची गारच आहे का? मग पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल, पंप बिघडला असेल किंवा रेडिएटर तुंबला असेल. नळीला हात लावताना पंखा आणि बेल्टपासून सांभाळायचं, बरं का!
5. गळती दिसत नाही तरी पाणी घटतंय, मागून पांढरा धूर येतोय, तेल दुधाच्या चहासारखं झालंय? मग हेड गॅस्केट गेलं असावं. ही गाडी चालवायचीच नाही, थेट गॅरेजला.

आणि रस्त्यात गाडी तापलीच तर? एसी बंद करायचा, गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. निदान अर्धा तास थांबायचं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. सगळं गार झाल्यावरच झाकणावर जाड फडकं ठेवून ते हळूहळू फिरवायचं. आणखी एक गोष्ट. नेहमीसाठी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नये. त्याचा क्षार गीझरमध्ये साठतो तसाच रेडिएटरमध्येही साठतो. गाडीला सांगितलेलं कूलंटच घालावं.

बघा, मेकॅनिकची ही पद्धत आणि मायबाख यांची पद्धत वेगळी नाही. उष्णता कुठे अडली, पाणी कुठे अडलं, वारा कुठे अडला, हेच तिन्ही प्रश्न तेही विचारत होते.

शेवटचा काळ

एवढं करूनही मायबाख यांच्या वाट्याला सगळं गोड आलं नाही. त्यांच्या कामातली बरीच पेटंटं डाइम्लर यांच्या किंवा कंपनीच्या नावावर होती. डाइम्लर यांच्यानंतर कंपनीत त्यांना हळूहळू बाजूला सारलं गेलं आणि 1907 मध्ये त्यांनी कंपनी सोडली. वय 61. दुसरा कुणी घरी बसला असता. पण 1909 मध्ये काउंट झेपेलिन यांच्या मदतीने हवाई जहाजांची इंजिनं बनवणारा कारखाना उभा राहिला आणि त्याची धुरा मुलगा कार्ल याने सांभाळली. 1916 मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने विल्हेल्म मायबाख यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. संध्याकाळच्या शाळेत शिकलेल्या अनाथ मुलाला मिळालेला हा मान होता. 1921 पासून मायबाख नावाच्या मोटारीही बाजारात आल्या.

29 डिसेंबर 1929 रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचं निधन झालं. कानश्टाटच्या दफनभूमीत डाइम्लर यांच्या कबरीपासून जवळच त्यांची कबर आहे.

आपण काय शिकलो?

आज मायबाख हे नाव अतिशय महागड्या गाड्यांवर असतं. ती गाडी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव एका सुताराच्या अनाथ मुलाचं आहे? पण मला त्या महागड्या गाडीपेक्षा आपल्या गावातली भाजी वाहणारी टेम्पो, लालपरी आणि घाट चढणारी जीप जास्त महत्त्वाची वाटते. या सगळ्यांच्या तोंडाशी तीच जाळी आहे.

आणि शिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट लागून राहते. ब्रुडरहाउसमध्ये कुणीतरी त्या मुलाची वही उघडून बघितली नसती तर? आपल्या वर्गातही एखादं मूल मागच्या बाकावर पेन खोलत, स्प्रिंग काढत बसलेलं असतं. आपण त्याला ओरडतो. घाटात बाटली घेऊन धावलेला तो मुलगा वाचनात मागे आहे, पण या धड्यानंतर त्याने फळ्यावर रेडिएटरचं चित्र काढलं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, त्याचे बाण एकही न चुकता दाखवले. त्या दिवसापासून त्याच्या वहीची मागची पानं मी आधी बघते.

स्वाध्याय

1. विल्हेल्म मायबाख यांना आश्रमात कोणतं काम शिकवलं गेलं आणि का?
2. 1897 च्या आणि 1900 च्या रेडिएटरमध्ये कोणता फरक होता?
3. 8 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात 8 मिलिमीटर बाजूची किती भोकं बसतील? सगळ्यांची मिळून परिमिती किती होईल?
4. गरम गाडीचं झाकण का उघडू नये? कुकरचं उदाहरण घेऊन तुमच्या शब्दांत लिहा.
5. तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये मोठ्या माणसांसोबत जा, जुना रेडिएटर बघा आणि त्याचं चित्र काढा.